बगळ्यांचे फोटो काढायचेत? मग आधी तिथी बघा

अमेरिकेत मेरीलँडला आल्यापासून कयाकमधून, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीतून, पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय, आणि डिसेंबरात मालवणजवळ देवबागला माहेरी गेले की तोच नाद कर्ली खाडीत चालू. लोक विचारतात तिकडे आणि इकडे फरक काय गं, कॅमेरा तर तोच. फरक पाण्याचा आहे.

आमच्या इथे चेसापीक बेमध्ये भरती-ओहोटी म्हणजे जेमतेम फूटभर, त्यामुळे पहाटे उठून मी फक्त वारा बघते, वारा पडलेला असला की निघायचं. ग्रेट ब्लू हेरॉन म्हणजे आपल्या राखी बगळ्याचा थोराड भाऊ, चार फुटांच्या आसपास उंच, काल जिथे उभा होता तिथेच आजही उभा. मालवणच्या बाजूला असं चालत नाही. उधाणाला पाणी दोनेक मीटर वर-खाली होतं, सकाळी जिथे चिखल दिसतो तिथून दुपारी होडी जाते आणि पक्षीही त्या हिशोबाने जागा बदलतात.

म्हणून तिकडे हवामानाचं अॅप नाही, तिथी बघायची. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, थोडं पुढेमागे होतं. आता अष्टमीला पहाटे सहाला भरती असली तर उजाडताना सगळा चिखल पाण्याखाली, बगळे कांदळात, म्हणजे खारफुटीच्या झाडांत जाऊन बसलेले, काय फोटो मिळणार कप्पाळ! पण अमावास्या-पौर्णिमेला भरती अकरा-बाराला, म्हणजे सूर्य उगवताना बरोबर ओहोटी संपत आलेली असते, आणि त्यानंतर कोवळं ऊन आणि चढतं पाणी दोन्ही एकदमच मिळतं. चढतं पाणी का, तर ते पक्ष्यांना हळूहळू काठाकडे सरकवतं आणि होडीलाही त्यांच्याजवळ नेतं, शिवाय चिखलात रुतलात तरी थोड्या वेळात होडी आपोआप तरंगते. उतरत्या पाण्यात रुतलात तर बसा पुढची भरती येईपर्यंत, डबा सोबत असला तर बरं.

आमचे होडीवाले काका मला रोज एकच सांगतात, "घाय करू नको गो, पाणीच व्हरतला आपणाक," म्हणजे घाई नको, पाणीच नेईल आपल्याला. इंजिन लांबच बंद करतात, तसंही इंजिनच्या थरथरीत चारशे मिमीची लांब लेन्स हातात स्थिर राहत नाही, मग वल्ह्याने नुसती दिशा धरायची. मी बाकावर न बसता खाली तळाशी बसते, म्हणजे कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीच्या जवळपास येतो, कयाकमध्ये ही सोय आयतीच असते. आणि बगळ्याकडे सरळ नाळ (होडीचं पुढचं टोक) करून जायचं नाही, तिरकं जायचं. त्याने मासे बघणं सोडून मान ताठ केली, अंग बारीक केलं की समजायचं हा आता उडणार, तिथेच थांबायचं. उडतानाचा फोटो हवा म्हणून मुद्दाम उडवणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, तिकडचे असोत की इकडचे.

सेटिंग विचाराल तर उडत्या पक्ष्याला सेकंदाच्या सोळाशेव्या-दोन हजाराव्या भागाचा शटर, आणि पांढऱ्या बगळ्यावर ऊन पडलं असेल तर एक्सपोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा, नाहीतर पिसं नुसती पांढरीफटक होतात. लेन्स होडीत बदलायची नाही, खाऱ्या पाण्याचा एक शिंतोडा पुरे. बाकी युट्यूबवर आहेच.

माझा लाडका म्हणजे समुद्री बगळा, तो अमेरिकेत आमच्या बाजूला नसतोच. एकाच जातीत काळपट राखाडी आणि पांढरा असे दोन्ही रंग असतात, राखाडीचा गळा पांढरा. पांढरा दिसला की हा लहान बगळा की समुद्री यावरून काकांचं आणि माझं भांडण ठरलेलं, मी चोच बघते, लहान बगळ्याची काळी असते, याची जाड आणि पिवळट-तपकिरी. काका म्हणतात बगळो तो बगळो.

विणीतली ती लांब झुलती पिसं मात्र मला हिवाळ्यात मिळत नाहीत, आणि पावसाळ्यात घरट्यांजवळ जायचं नाही हे मी ठरवलंय. त्याच पिसांसाठी, बायकांच्या टोप्यांना लावायला, एकेकाळी बगळे जगभर मारले गेले. हिंदुस्थानातून पिसांची निर्यात १९०२ मध्ये बंद झाली, अमेरिकेत स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा आला १९१८ मध्ये.

आणि एवढी तिथी-बिथी बघायचा कंटाळा असेल तर सरळ रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायच्या वेळी किनाऱ्यावर जा. ब्राह्मणी घारी, कुरव, बगळे सगळे तिथे हजर असतात, कोणी लाजत नाही. फोटोत माणसांचे पाय तेवढे फार येतात.