रिपोर्ट शून्य आला तो दिवस

आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस सांगलीत विश्रामबागला, चार जणांचं. काम तासगाव रोडवरच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं होतं. आठ चेंबर, प्रत्येकात चार सेन्सर, दर 10 सेकंदाला रीडिंग, म्हणजे दिवसाला पावणेतीन लाख ओळी आणि चार महिन्यांच्या सव्वातीन कोटी. त्यातनं एवढंच काढायचं होतं की कुठल्या चेंबरचं टेंपरेचर लिमिटच्या वर कधी गेलं. तिथला कॉम्प्युटर 4 जीबी रॅमचा, आणि आमचा गो या प्रोग्रॅमिंग भाषेतला जुना कोड फिल्टर (गाळणं), मॅप (बदलणं) अशा प्रत्येक पायरीला अख्खा नवीन स्लाइस, म्हणजे यादी, बनवायचा त्यामुळं मशीन गळपटायचं. लेझी इटरेटर लागणारच होता, एक ओळ वाच, तपास, सोड.

सकाळी त्यासाठी तयार कोडच्या तीन लायब्ररी समोर घेतल्या. पहिली चेनवाली, पायऱ्या एकापुढं एक जोडत जायच्या, वाचायला एकदम झकास, पण गो 1.23 मध्ये मेथडला स्वतःचा टाईप पॅरामीटर, म्हणजे डेटाचा प्रकार नंतर भरायची जागा, देता येत नाही, मग रीडिंगमधनं नुसता आकडा काढायचा म्हटलं की चेनमध्ये एनी, म्हणजे कुठलाही टाईप चालेल असा, येतो आणि टाईपची चूक कंपाईलला न सापडता चालू प्रोग्रॅममध्ये पॅनिक होते, म्हणजे प्रोग्रॅम कोसळतो. मग जेनेरिक्स, म्हणजे टाईप आधीच तपासून घ्यायची ही सोय, कशाला घेतली आपण? दुसरी चॅनलवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या दोन भागांमधल्या नळीवर, चालणारी. प्रत्येक ओळ चॅनलमधनं जाणार म्हणून हळू, आणि मधेच लूप सोडला तर मागची गोरुटीन (सोबत चालणारं काम) पुढची ओळ द्यायला तशीच अडकून बसते. तिसरी इटर.सेक वाली, ऑगस्ट 2024 ला 1.23 मध्ये रेंज ओव्हर फंक, म्हणजे फंक्शनवरच लूप फिरवायची सोय, आलं त्याच्यावर बांधलेली. लूप ब्रेक केला की यील्ड, म्हणजे पुढची ओळ देणारं फंक्शन, फॉल्स देतं, मागचं सगळं तिथंच थांबतं. हीच घेतली.

दुपारी कोल्ड स्टोरेजवर जाऊन रन केलं. क्षणात संपलं, मेमरी काहीच नाही, आणि आठही चेंबरसमोर शून्य. लिमिटच्या वर एकदाही गेलं नाही. मला खरंच आनंद झाला होता.

मॅनेजर काकांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "सात नंबरला शून्य? अहो मागच्या महिन्यात रात्री लाईट गेलेली, जनरेटर लवकर चालू होईना, मी स्वतः दारात उभा होतो की."

पोटात गोळा आला. शेतकऱ्याचा वर्षाचा माल आत, गारवा गेला की हिरवा बेदाणा तांबूस पडतो आणि सौद्यात दर पडतो, आणि माझा प्रोग्रॅम सगळं ठीक आहे म्हणून छापत होता.

तिथंच खुर्ची ओढून बसलो. वाचणाऱ्या फंक्शनमध्ये फाईल उघडली होती, खाली डिफर एफ.क्लोज, म्हणजे फंक्शन संपताना फाईल बंद कर, आणि शेवटी इटरेटर रिटर्न. जुन्या कोडात हे बरोबर होतं कारण तिथं फंक्शन संपायच्या आत सगळं वाचून व्हायचं. लेझीमध्ये वाचन नंतर सुरू होतं, तोवर फंक्शन संपून फाईल बंद झालेली. ओळी वाचणारा स्कॅनर पहिल्याच फटक्यात फॉल्स, म्हणजे पुढं ओळ नाही, असं देतो, एरर असतो पण तो स्कॅनर.एर विचारला तरच कळतो, आणि इटर.सेक मध्ये एरर पुढं द्यायला जागाच नाही.

मग उघडणं आणि बंद करणं दोन्ही इटरेटरच्या पोटात घातलं आणि सेक2, म्हणजे एकाऐवजी दोन व्हॅल्यू देणारा प्रकार, करून प्रत्येक रीडिंगसोबत एरर पाठवला. तरी गोची होतीच, लायब्ररीचं फिल्टर सेक2 ला 'की' आणि 'व्हॅल्यू' अशी साधी जोडी समजतं, त्यामुळं एररवाली जोडी "लिमिटच्या वर नाही" म्हणून गुपचूप गाळली जायची. सकाळी वेग बघितला, चेनिंग बघितलं, एरर आला तर तुम्ही काय करता हे तिन्हीपैकी एकीलाही विचारलं नव्हतं. शेवटी फिल्टर आणि मॅप स्वतः लिहिले, चाळीसेक ओळी.

संध्याकाळी परत रन केलं, यावेळी चांगला वेळ लागला. चेंबर 7, पहाटे 2 ते 4. काका काही बोलले नाहीत, स्वेटर चढवला, टॉर्च घेतली आणि सात नंबरचे वरच्या थरातले बॉक्स फोडून बघायला आत गेले. मी त्यांच्या मागनं.