पी०४२०: कॅट बदलण्याआधी मागचा सेन्सर नीट वाचा

गाडी २०१७ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, बीएस४. मुक्काम रत्नागिरी, म्हणजे खारी हवा आणि पावसाळाभर ओल. तक्रार एकच: चेक इंजिनचा पिवळा दिवा, कोड पी०४२०. म्हणजे कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) नीट काम करत नाही, असं गाडीचा संगणक, ईसीयू, म्हणतोय. ओढ पहिल्यासारखी, ॲव्हरेजही तेच.

हा कोड आला की दोन सल्ले ठरलेले असतात. कॅट गेला, नवा टाका. नाहीतर कॅट आतून पोकळ करा, कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर (सेन्सर धुरापासून लांब धरणारा तुकडा) लावा, दिवा परत येत नाही. दुसरं मी करणार नाही. कॅट काढला की कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड थेट आपल्याच आळीत सुटतात, आणि दुकानाच्या दारात गाडी चालू ठेवून उभं राहणारे आपणच असतो. पहिल्या सल्ल्यात अप्रामाणिक काही नाही, पण त्यात पैसे फार जातात. तेवढे घालायचे तर आधी मोजून बघायला हवं.

शनिवार, सकाळ

ईसीयूमधले कोड आणि आकडे मोबाइलवर वाचणारा ईएलएम३२७चा ब्लूटूथ स्कॅनर लावला. कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाचे आकडे, उतरवून घेतली. कोड पुसला की ती जाते आणि सगळे मॉनिटरही (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या) नव्याने सुरू होतात, म्हणून हे काम पहिलं. फ्रेममध्ये इंजिन पूर्ण तापलेलं, आरपीएम १७०० च्या आसपास, लोड अगदी कमी. दुसरा कोड नाही: ना मिसफायर, ना सेन्सरच्या हीटरचा.

मग लाइव्ह डेटा. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झपाझप वरखाली होत होता, तसाच व्हायला हवा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी देतोय तो आकडा) आयडलला अधिक ५, २५०० आरपीएमलाही जवळपास तेवढाच.

या अधिक ५ वर थोडं थांबतो, कारण हल्ली प्रत्येक दिव्याचं खापर ई२० पेट्रोलवर (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) फुटतं. ई१० ला (१० टक्के इथेनॉल) एक किलो इंधनामागे साधारण १४.१ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला चारेक टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने इंधन ठरवणाऱ्या गाडीत ट्रिम तेवढा वर सरकणारच, आणि ईसीयू तो फरक आरामात भरून काढतो. त्याने पी०४२० येत नाही. व्हॅक्युम लीक (इनटेकमध्ये बाहेरची हवा शिरणं) असता तर ट्रिम आयडलला खूप वर आणि आरपीएम वाढवल्यावर खाली आला असता. तसं काही दिसलं नाही, म्हणून इनटेककडे वळलोच नाही.

खरी गोष्ट मागच्या सेन्सरच्या आलेखात होती. कॅटच्या आतल्या थरात सेरियम ऑक्साइड असतं. ते जादा ऑक्सिजन धरून ठेवतं आणि कमी पडला की सोडतं. त्यामुळे पुढे कितीही चढउतार असले तरी कॅटमधून बाहेर पडणारा धूर एकसारखा असतो आणि मागचा सेन्सर ०.६–०.७ व्होल्टला स्थिर राहतो. तो पुढच्यासारखा हलायला लागला की ईसीयू म्हणतो, कॅट ऑक्सिजन धरत नाही. ईसीयू कॅट उघडून बघत नाही, तो फक्त या दोन रेषांची तुलना करतो. मागच्या सेन्सरला चुकीची हवा लागली तरी निकाल तोच येतो.

माझ्याकडे आयडलला मागची रेषा सारखी खाली आपटत होती, ०.१ पर्यंत. पण तिचा ताल पुढच्या सेन्सरशी जुळत नव्हता. २५०० ला धरून ठेवल्यावर ती ०.६५ ला जवळजवळ सरळ झाली. कॅट खरंच मेला असता तर २५०० लाही तिने पुढच्याची नक्कल केली असती. सेन्सर मंद झालाय का, तेही बघितलं. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला की ०.८ च्या वर, उतारावर गिअरमध्ये पाय सोडला की लगेच ०.१ च्या खाली. सेन्सर जिवंत आहे.

म्हणजे कॅट आणि मागचा सेन्सर यांच्यामध्ये कुठेतरी बाहेरची हवा आत शिरतेय. एक्झॉस्टचा प्रवाह धक्क्याधक्क्याने वाहतो. दोन धक्क्यांच्या मध्ये दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि फटीतून हवा ओढली जाते. लोड वाढला की आतला दाब वाढतो आणि हे ओढणं कमी होतं. फ्रीझ फ्रेममधला कमी लोड याच्याशी जुळला.

शनिवार, दुपार

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर व्हॅक्युम क्लीनरचा पाइप ब्लोअरच्या बाजूला लावला, दुसरं टोक फडक्याने गुंडाळून सायलेन्सरच्या नळीत बसवलं आणि खालून प्रत्येक जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं. सायलेन्सरच्या पोटाला बारीक भोक असतं, पाणी निचरण्यासाठी, तिथे बुडबुडे येणारच. तो लीक धरू नका. कॅटच्या मागच्या फ्लँजवर (दोन नळ्या बोल्टने जोडणारी चकती) मात्र वरच्या बाजूने भरभरून फेस आला. आरसा धरून बघितलं तर तिथे काजळीची बारीक रेघ होती. मागचा सेन्सर त्या फ्लँजच्या पलीकडे, सायलेन्सरच्या बाजूला वीतभर अंतरावर.

रविवार

फ्लँजचे स्प्रिंगवाले दोन्ही बोल्ट गंजून एकजीव झालेले. रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल मुरवूनही एक हलेना. तो ओळखीच्या मेस्त्रींनी गॅसने तापवून काढला. सेन्सरची वायर जवळच असल्यामुळे सेन्सर आधी काढून ठेवला, त्याला २२ एमएमचा खाचवाला सॉकेट लागतो. आतली ग्राफाइटची रिंग एका बाजूने पूर्ण झिजलेली. नवी रिंग, नवे बोल्ट, नव्या स्प्रिंगा. दोन्ही तोंडं वायर ब्रशने चकचकीत केली.

इथे साधं सिलिकॉन अजिबात लावू नका. त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर निकामी होतो. सेन्सर परत बसवताना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावलंत तर फक्त आट्यांवर, टोकाला नको.

त्यानंतर

आयडलला मागची रेषा आता ०.६८ ला स्थिर आहे. कोड पुसला आणि हातखंब्याहून पालीमार्गे लांज्यापर्यंत एकसारख्या वेगाने गाडी नेली, कारण कॅटॅलिस्ट मॉनिटरला तापलेलं इंजिन आणि शांत, सलग पळणं हवं असतं. येताना मॉनिटर पूर्ण झाला, पेंडिंग कोडही नाही. मोड ६ मध्ये (स्कॅनरवर ईसीयूच्या चाचण्यांचे आकडे दिसतात ती जागा) कॅटच्या चाचणीचा आकडा मर्यादेच्या बराच आत आहे. दिवा विझलाय यापेक्षा मला हा आकडा जास्त भरवशाचा वाटतो, म्हणून तो वहीत लिहून ठेवलाय. पावसाळा संपला की पुन्हा काढून शेजारी लिहीन.

तुमच्याकडे पी०४२० असेल तर मागच्या सेन्सरचा आलेख आयडलला आणि २५०० ला, दोन्हीकडचा पाठवा. ट्रिमचे आकडेही द्या. एकट्या कोडवरून काही सांगता येत नाही.