आखेन सोडताना: हळद, ऊन आणि डिपॉझिट

थिसिस सबमिट झाला, प्रेझेंटेशन झालं, प्रोफेसरांनी हात मिळवून अभिनंदन केलं आणि मला वाटलं चला, आता अख्खा सप्टेंबर आपला. हे 2024 चं, जर्मनीतल्या आखेनमधलं. सेमिस्टर तिकीट 30 सप्टेंबरपर्यंत चालणार होतं, महिन्याला 29.40 युरो आणि त्यात जर्मनीभरच्या सगळ्या रिजनल गाड्या, त्यामुळे यादी दांडगी केलेली, हाम्बुर्ग, ड्रेस्डेन, मोझेलकाठची गावं. झालं फक्त ट्रियर. भर पावसात पोर्टा निग्रा बघितलं, अठराशे वर्षांहून जुना रोमन दरवाजा, त्याच्यासमोर उभं राहून ओलं सँडविच खाल्लं आणि परत गाडीत. बाकीचा महिना मी आखेनमधल्या माझ्या हॉस्टेलच्या खोलीत गुडघे टेकून काही ना काही घासत होते.

कारण रूम सोडायच्या आधी हाउसमाइस्टर येतो. म्हणजे इमारतीचा केअरटेकर, पण आपल्याकडच्या वॉचमनकाकांसारखा नाही हां, याच्याकडे किल्ल्यांचा जुडगा, टॉर्च आणि फॉर्म असतो. आमचा आला तो सरळ दारावर चढून बसलेल्या धुळीवर बोट फिरवूनच सुरुवात केली. खिळ्यांची भोकं बुजवायची, भिंत पांढरी करायची, ओव्हन आतून चकचकीत पाहिजे, आणि मग फ्रिज उघडून भाजीचा ट्रे बाहेर ओढला आणि म्हणाला, हे काय आहे?

हळद होती. दोन वर्षं वरण, उसळी, लोणचं यांच्या डब्यांखाली राहून पांढरा प्लॅस्टिकचा ट्रे पिवळाधमक झालेला. मी सांगलीची, आमच्याकडच्या हळदीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे, मार्केट यार्डातली किलोभर हळद दर वेळी आई बॅगेत कोंबतेच, पण हे त्याला सांगून काय उपयोग. त्याने फॉर्मवर लिहिलं, ट्रे साफ नाही तर नवीन ट्रेचे पैसे डिपॉझिटमधून.

मग काय, भांड्याचा साबण, बेकिंग सोडा, व्हिनेगरचं ते कडक इसेन्स ज्याने डोळ्यांतून पाणी येतं, दुकानातला एक महागडा स्प्रे, सगळं झालं. ट्रे हसतमुख पिवळाच. शेवटी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर ती म्हणाली, "अगं उन्हात ठेव की. हळद उन्हाला टिकत नाही, लग्नातल्या हळदीच्या साड्यांचं आपण काय करतो?"

मी म्हटलं, "आई, ऊन कुठून आणू?"

आखेनचा पाऊस ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल. धो धो पडून मोकळा होईल तर शपथ, नुसता दिवसभर पिरपिर, आभाळ करड्या रंगाचं आणि माझी खिडकी उत्तरेला. मी ट्रे खिडकीत ठेवून दोन-तीन दिवस वाट बघितली, काहीही फरक नाही. वेदर ॲप दर तासाला उघडायचे. फ्लाइटची तारीख जवळ, हाउसमाइस्टरची तारीख त्याच्याही आधी.

आणि एका शनिवारी ऊन पडलं. खरंखुरं, डोळे बारीक करायला लावणारं. मी तो ट्रे काखेत मारला आणि लाउसबेर्गवर गेले, गावाच्या उत्तरेची टेकडी. (त्या टेकडीची गोष्ट अशी की सैतानाला आखेन वाळूखाली गाडायचं होतं, एका म्हातारीने त्याला फसवलं आणि त्याने वैतागून वाळूची पोती तिथेच टाकली, तीच ही टेकडी. दोघांचा पुतळापण आहे.) ऊन पडलं की जर्मन लोक कुठे असतील ते सांगायला नको, सगळं गवत माणसांनी भरलेलं, चादरी, बिअर, कुत्री, आणि मधे मी, शेजारी फ्रिजचा रिकामा ट्रे आभाळाकडे तोंड करून. लोक बघत होते पण विचारत कोणी नव्हतं, इथली हीच पद्धत. मला आधी आधी या पद्धतीचा राग यायचा, माणूस आहे की दगड असं वाटायचं.

बऱ्याच वेळाने शेजारच्या बाकावरच्या आजोबांनाच राहवलं नाही. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, मसाला, पिवळा डाग, ऊन, आई. ते उठले, ट्रेजवळ आले, वाकून नीट बघितलं, मग झाडाकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि म्हणाले की अर्ध्या तासात इथे सावली येईल, तिकडे ठेवा. स्वतः उचलून पलीकडे नेऊन ठेवला, बुडाखाली एक दगड लावून तिरका केला म्हणजे ऊन सरळ पडेल. आणि परत बाकावर जाऊन पेपर वाचत बसले. नाव विचारलं नाही, कुठची तू वगैरे काही नाही, पण नंतर जाताना आठवणीने सांगून गेले की आता उलटा करा. दोन वर्षांत मला इतकं आपलं कोणी वाटलं नव्हतं, खरंच सांगते.

संध्याकाळपर्यंत ट्रे जवळजवळ पांढरा. कोपऱ्यात किंचित राहिला होता तो रविवारच्या उन्हात गेला.

बाकीचं भराभर झालं. कॅथेड्रलमध्ये जाऊन आले, तिथलं सम्राट शार्लमेनचं सिंहासन जवळून बघायचं तर गाइडेड टूर लागते आणि मी ती कायम पुढच्या महिन्यावर ढकलली होती. घरच्यांसाठी प्रिंटन घेतले, ही इथली प्रसिद्ध बिस्किटं, दात शाबूत असलेल्यांनीच खावीत. नगरपालिकेत जाऊन रहिवाशांच्या नोंदीतून नाव काढलं, ते जायच्या फक्त एक आठवडा आधीपासूनच काढता येतं, आणि नाव काढल्याच्या कागदाशिवाय इंटरनेट बंद होत नाही, टीव्ही-रेडिओची 18.36 युरोची फीसुद्धा थांबत नाही, टीव्ही कधी नव्हताच ती गोष्ट वेगळी. कुकर, उशा, टेबल लॅम्प असं सगळं खोक्यात घालून 'फुकट न्या' अशी चिठ्ठी लावून फुटपाथवर ठेवलं, इथे तसं चालतं. कुकर पहिल्या तासात गेला. कोणी नेला कोण जाणे, शिट्टी झाल्यावर दचकला असेल बिचारा.

शेवटच्या दिवशी हाउसमाइस्टर आला. मी ट्रे मुद्दाम पुढे ठेवलेला, फ्रिजचं दार उघडं. त्याने तिकडे बघितलंदेखील नाही! सरळ बाथरूममध्ये गेला, टॉर्च मारला आणि शॉवरच्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या पट्टीवर काळी बुरशी दाखवली. मी म्हटलं ही मी आले तेव्हापासून आहे. तो म्हणाला, तेव्हाच्या फॉर्ममध्ये लिहिलेली नाही. विषय संपला. 60 युरो.

तेव्हा कोणी जर्मनीत जाणार असेल तर पहिल्याच दिवशी बाथरूमचे फोटो काढा, बॅगा नंतर उघडा. उरलेलं डिपॉझिट मिळायला जानेवारी उजाडला, तोपर्यंत तिकडचं बँक खातं चालू ठेवायला लागलं आणि त्याची फी वेगळी. हे सगळं मी आईला तावातावाने सांगत होते, 60 युरो म्हणजे रुपयांत किती वगैरे, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं राहू दे, कुकर कुठंय?"