तुरट फळाचं झाड

पर्सिमन म्हणजे टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ. त्याचं रोप लावायला पिशवी फाडली आणि धस्स झालं. मुळं काळीकुट्ट! सडकं रोप गळ्यात मारलं म्हणून चरफडले. नखाने जरा खरवडलं, तर आत फिकट, ओलसर. या झाडाची मुळं काळीच असतात, हे नंतर कळलं. आबनूस आणि आपली टेंभुर्णी याचीच भावंडं, म्हणजे काळेपणा घराण्यातलाच म्हणायचा.

पुढचा वसंत आला. बाकीची झाडं पालवली, हे आपलं काठीसारखं उभं. दोनदा उपटायला निघाले होते. मग सगळ्यांच्या मागून एकदम तुकतुकीत पानं आली. कलमाला फळ धरायला तीन ते पाच वर्षं लागतात. बी लावलं तर त्याहून जास्त. मला धीर कुठला! भरपूर खत घातलं. त्याने मन लावून पानं काढली आणि वाटाण्याएवढी फळं पटापट टाकून दिली. नत्र जास्त झालं की फळगळ वाढते. लाड माझे, दोष झाडाला.

फुयू जातीचं फळ चपटं, कडक असतानाच खाता येतं. माझं झाड हाचिया जातीचं, टोकदार फळांचं. पहिलं फळ केशरी झालं, मी तोडलं आणि कचकन चावा घेतला. आईशप्पथ! जीभ टाळूला चिकटली, तोंडात खडू कुटल्यासारखं झालं. कच्च्या फळातलं विरघळणारं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, त्याचा हा प्रताप. चूळ भरून काही उपयोग नाही.

आता आढी घालते. वांग्यासारखी टोपी असते, तिच्यासकट फळ कात्रीने कापायचं, ओढायचं नाही. सफरचंदाशेजारी ठेवलं की त्यातून सुटणाऱ्या इथिलीनमुळे लवकर पिकतं. लवकर म्हणजे माझ्या मते नाहीच. रोज अंगठ्याने दाबून बघते. साल पातळ, जवळजवळ पारदर्शक झाली आणि फळ पाण्याच्या फुग्यासारखं लिबलिबीत लागलं की चमच्याने खायचं. बाहेरून बघणाऱ्याला ते नासलंय असंच वाटतं.

पानं झडून गेली तरी फळं काड्यांवर लटकत राहतात. शेंड्यावरची चार मी काढत नाही. तिथवर हातही पोचत नाही म्हणा. पाखरं येतात, चोच न लावता निघून जातात, आठवड्याने पुन्हा येतात. कचकन चावा घेणारं मात्र त्यांच्यात मी अजून एकही पाहिलं नाही.