एकशे चौऱ्याऐंशी सामने

आमच्या घरात टीव्हीसमोर सगळ्यात जास्त शिव्या कुणी खाल्ल्या असतील तर त्या एव्हन बुशार्डने, आमच्या एडमंटन ऑइलर्स या आइस हॉकी संघाच्या बचावपटूने. वाळवा तालुक्यातल्या अस्सल शिव्या. मिलवुड्समधल्या शेजाऱ्यांना त्या कळत नाहीत म्हणून निभावतं. बायको आतून विचारते, "काय, तुमचा पोरगा आला वाटतं बर्फावर?"

एडमंटनला येऊन मला सोळा-सतरा वर्षं झाली. निस्कूच्या एका शॉपमध्ये वेल्डिंग इन्स्पेक्टर आहे. इथे जेवणाच्या सुट्टीत आइस हॉकी कळली नाही तर माणूस एकटा पडतो, म्हणून बघायला लागलो. आणि नेमका ऑइलर्सच्या पडत्या काळात लागलो. सलग दहा मोसम प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी, नाही, २०१६ पर्यंत. असल्या वर्षांत माणूस हॉकी शिकत नाही, वैतागायला शिकतो.

आधी या बुशार्डची जागा सांगतो. बर्फावर गोली, म्हणजे गोलरक्षक, सोडून पाच जण असतात, त्यातले दोघं डिफेन्समन. साधा डिफेन्समन पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, मिळाला की भिंतीवर आपटून बाहेर काढतो आणि सुटतो. दुसरा प्रकार असतो हल्ला करणारा. तो पक जवळ ठेवतो, मान वर करून बघतो, मधून पास टाकतो, समोरच्यांच्या ब्लू लाइनवर, म्हणजे त्यांच्या हद्दीच्या रेषेवर, उभं राहून खेळ चालवतो. त्याच्या मागे फक्त गोली. काठीवरून पक उडाला की समोरचा एकटाच सुसाट पळत सुटतो आणि हा पाठीमागून बघत राहतो. फॉरवर्डची चूक मधल्या बर्फावर विरून जाते, याची चूक थेट आपल्या जाळ्यात जाऊन पडते. त्यात बुशार्डची चाल अशी निवांत की चूक झाल्यावर हा मुळात झोपेतच होता असं वाटावं.

२०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, तो दहावा होता. लंडन नाइट्स या ज्युनियर संघाचा कप्तान, ड्राफ्टच्या आधीच्या मोसमात ८७ गुण, म्हणजे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून. हे लंडन ऑन्टारियोतलं. आम्हाला वाटलं, आलं घबाड. तर ऑइलर्सने त्याला सात सामने दिले आणि परत लंडनला धाडलं. दहा सामने झाले असते तर कराराचं एक वर्ष खर्ची पडलं असतं, शिवाय त्या वयाच्या ज्युनियर पोराला एएचएलमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्येही, तेव्हा खेळवता येत नव्हतं. पुढचं वर्ष बेकर्सफील्डला, त्याच एएचएलमध्ये. मग कोविड आला, तेव्हा स्वीडनमध्ये सॉडरटेल्येच्या संघात. तिथून परत आला तर छप्पन सामन्यांच्या मोसमात याच्या वाट्याला चौदा. बाकीचे दिवस सूट घालून वर बसलेला. त्याच ड्राफ्टमधला क्विन ह्यूज, सातवा, तोवर व्हॅंकूव्हरमध्ये कायमचा झाला होता. आमच्या शॉपमध्ये तेव्हा एकच पालुपद: पोरगं वाया गेलं, विका.

त्या 'विका'मध्ये मीही होतो. आणि हे दुसऱ्यांदा होतं, म्हणून जास्त लागतं.

पहिल्यांदा जस्टिन शुल्ट्झ. २०१२ मध्ये कितीतरी संघ मागे लागलेले असताना हा पोरगा आपणहून एडमंटनला आला. आम्ही त्याच्याकडून पहिल्या दिवसापासून सगळं मागितलं, पहिल्या जोडीची मिनिटं, पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ), गोल, बचाव. आजूबाजूला आधार देईल असा अनुभवी माणूस जवळजवळ नाहीच. दोन वर्षांत त्याच्या काठीला पक लागला की स्टेडियममधून आधीच हुंकार यायचा. मी रेक्सॉल प्लेसला वरच्या रांगेत बसून त्या हुंकारात सूर मिसळलाय, खोटं कशाला बोलू. २०१६ च्या फेब्रुवारीत तो पिट्सबर्गला गेला, बदल्यात तिसऱ्या फेरीतली एक निवड. पिट्सबर्गने त्याला खालच्या जोडीत ठेवला, सोपी मिनिटं दिली. त्याच जूनमध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद. पुढच्या मोसमात ५१ गुण आणि पुन्हा कप. आमच्याकडे असताना जो खेळ त्याच्यात होता तोच तिकडे दिसला. फक्त तिकडे त्याला थोडं कमी मागितलं.

मला हे आधी कळायला हवं होतं, कारण मी स्वतः उजवा कोपरा खेळलोय. गावच्या यात्रेतली कबड्डी, बांबूला बांधलेले हॅलोजन, ओल्या मातीवर मारलेलं पाणी. आम्ही मैदानात दोघंच उरलेले. चढाईवाला निदान रेषेच्या आत पाय टाकतोय असं मला वाटलं आणि मी घोट्यावर झडप घातली. अर्धा क्षण लवकर. घोटा हातात आला, बोटांना त्याचा घाम लागला, आणि निसटला. मदतीला आलेला जोडीदारही शिवला गेला, चढाईवाल्याचा हात मध्यरेषेला टेकला. लोण. आमच्या प्रशिक्षकांनी तिथेच सगळ्यांसमोर मला बाहेर काढलं, काय बोलले ते इथे लिहीत नाही. पुढे त्या मोसमात बारा सामने खेळलो. एकही पकड चुकली नाही, कारण एकही केली नाही. साखळीत हात धरून उभा राहायचो आणि दुसऱ्याने उडी मारायची वाट बघायचो. गावात म्हणायचे, पोरगं सुधारलं.

तर बुशार्ड. २०२१-२२ ला अखेर पूर्ण मोसम मिळाला, ४३ गुण. पुढच्या वर्षी ४०. म्हणजे आकड्यात मागेच. त्या हिवाळ्यात त्याच्या चुका बघून मी दोनदा रिमोट आपटला. पॉवर प्लेचा पहिला गट तेव्हा टायसन बॅरीकडे होता. २०२३ च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी ऑइलर्सने बॅरीला नॅशव्हिलला देऊन मॅटियास एकहोमला आणलं. मी म्हटलं, चालतं ते मोडून टाकलं यांनी. प्रत्यक्षात एका दगडात दोन पक्षी होते. पॉवर प्ले पोराच्या हातात आला, आणि शेजारी असा पोक्त माणूस आला की हा पुढे गेला तर मागचं दार लावून घेईल. त्या प्लेऑफमध्ये बारा सामन्यांत सतरा गुण.

आमच्याकडे एक म्हातारा वेल्डर आहे. ऐंशीच्या दशकातला पॉल कॉफी त्याने डोळ्यांनी बघितलेला, तोच कॉफी ज्याने डिफेन्समन असून १९८५-८६ मध्ये ४८ गोल मारले. हा म्हातारा कायम एकच सांगायचा: डिफेन्समनबद्दल दोन-अडीचशे सामने होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी त्याला हसायचो. मग एकदा दुपारी डबा खाता खाता बेरीज केली. सात, चौदा, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी. एकशे चौऱ्याऐंशी. मी ज्याला चार-पाच वर्षं शिव्या घालत होतो त्याचे सामने अजून दोनशेही झाले नव्हते. वर्षं मी मोजली होती, खेळ नाही.

२०२३-२४ मध्ये, नोव्हेंबरात खुद्द कॉफीच बचावफळीचा प्रशिक्षक म्हणून बाकामागे उभा राहिला. बुशार्डने त्या मोसमात ८२ गुण केले, आणि प्लेऑफच्या पंचवीस सामन्यांत ३२. अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात फ्लोरिडाकडून २-१ हरलो ती रात्र मी विसरणार नाही, पण तो विषय आज नको.

आता मी काय बघतो ते सांगतो. ब्लू लाइनवर त्याच्याकडे पक येतो तेव्हा समोरचा अडवायला झेपावतो. दुसरा कुणी असता तर घाईने मारून त्याच्या पायावर आपटला असता. हा काठी उचलतो, मारत नाही. समोरचा गुडघ्यावर आलेला असतो, घसरत बाजूला निघून जातो. मग हा अर्धा पाऊल सरकतो आणि हाणतो. 'बुश बॉम्ब' म्हणतात इथे त्याला. तो थांबण्याचा अर्धा क्षण, त्यालाच मी इतकी वर्षं आळस म्हणत होतो.

चुका थांबल्यात असं मुळीच नाही. २०२५ च्या पहिल्या फेरीत लॉस एंजलिसविरुद्ध पहिले दोन सामने हरलो तेव्हा शॉपमध्ये पुन्हा सगळं खापर त्याच्याच डोक्यावर. चौथ्या सामन्यात अर्धा मिनिट उरलेलं असताना बरोबरीचा गोल त्यानेच केला. जूनच्या शेवटी चार वर्षांचा करार झाला, वर्षाला एक कोटी पाच लाख डॉलर. बायको म्हणाली, "एवढ्या शिव्यांचे एवढे मिळतात होय?"

परवाच्या मॅचला त्याने मधून पास टाकला, अडला, गोल खाल्ला. माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं. पुढच्या शिफ्टला त्याने पुन्हा तोच पास टाकला, त्याच जागेवरून. पुन्हा अडला.

मी उठून चहा टाकला.