नोंदवही, आठवडा 26: षटक, चढाई, रॅली आणि फेरी

मागील नोंदीत ठरवल्याप्रमाणे या शनिवारी-रविवारी पाच खेळ पाहिले आणि प्रत्येकाची नोंद त्या खेळाच्या स्वतःच्या मापाने ठेवली: कसोटी क्रिकेटची षटकाने, कबड्डीची चढाईने, बॅडमिंटनची रॅलीने आणि फॉर्म्युला वनची फेरीने. फुटबॉलसाठी कोणते माप घ्यावे हे मात्र ठरलेले नव्हते, आणि या आठवड्याची खरी कमाई त्याच अडचणीतून झाली.

शनिवारची सुरुवात कसोटीने केली. धावफलकावर निर्धाव षटक म्हणजे केवळ एक शून्य असते; पण फलंदाजाने सहाही चेंडू निश्चिंतपणे सोडून दिले, की त्यांतले चार बॅटची कड चुकवून गेले, हे त्या शून्यावरून कळत नाही. म्हणून मी प्रत्येक षटकापुढे फलंदाज चकलेल्या चेंडूंची संख्या वेगळी लिहितो. 80 षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो, पण तो घेतलाच पाहिजे असे बंधन नसते. या डावात कर्णधाराने तो सात षटके लांबवला, आणि समालोचनात त्याबद्दल नाराजी ऐकू आली. माझ्या रकान्यात मात्र त्याच काळात फिरकी गोलंदाज दर षटकात किमान एकदा फलंदाजाला चकवत असल्याचे दिसत होते, त्यामुळे मला तो निर्णय योग्य वाटला. नवा चेंडू अखेर घेतला गेला तेव्हा मी दुसऱ्या पडद्यावर कबड्डीचा सामना लावत होतो. त्या गडबडीत दोन षटके पाहायची राहिली आणि नेमका त्यांतच एक बळी गेला. त्या दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते धावफलकावरून भरायचे नाही, हा नियम मी पहिल्या आठवड्यापासून पाळत आलो आहे.

कबड्डीत सर्वाधिक शिकायला मिळाले. चढाई 30 सेकंदांची असते आणि चढाया आळीपाळीने होतात, त्यामुळे नोंदीसाठी याहून सोयीचा खेळ मला अद्याप सापडलेला नाही. या वेळी गुणांऐवजी प्रत्येक चढाईपूर्वी मैदानावर किती बचावपटू उभे आहेत, एवढेच लिहिले. बोनस गुण मिळण्यासाठी समोर किमान सहा बचावपटू असावे लागतात, तर तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी चढाईपटूला पकडले तर ती अव्वल पकड ठरून दोन गुण मिळतात. म्हणजे सामन्याचा कल गुणफलकाच्या आधी या संख्येत उमटतो. उत्तरार्धात एक संघ चार गुणांनी मागे होता, त्याचे तीनच खेळाडू उरले होते आणि लोण चढणार, म्हणजे सगळा संघ बाद होणार, असे स्पष्ट दिसत होते. प्रतिस्पर्ध्यांच्या सलग दोन चढाया निष्फळ गेल्या असल्यामुळे नियमानुसार तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे किंवा बाद होणे एवढेच पर्याय चढाईपटूपुढे होते. तो खोलवर शिरला, आणि कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला. पिछाडी चारवरून दोनवर आली आणि एक खेळाडू परत आल्याने बचावपटू चार झाले. लगेचच त्यांचा स्वतःचा चढाईपटू पकडला गेला. पिछाडी तीन झाली, पण खेळाडू पुन्हा तीनच उरले, आणि पुढच्याच चढाईत दुसरी अव्वल पकड झाली. पिछाडी एक! गुणफलक पाहणाऱ्याला मधली चढाई नुकसानीची वाटली असेल, परंतु त्या नुकसानीनेच अव्वल पकडीची संधी पुन्हा निर्माण केली होती. संख्येचा रकाना नसता तर हा संबंध माझ्या लक्षात आला नसता.

बॅडमिंटनबद्दल थोडेच लिहिण्यासारखे आहे. 30 फटक्यांहून लांब रॅली कोणी जिंकली आणि तिच्यानंतरचा गुण कोणाला गेला, एवढे टिपले; अशा रॅली सहाच झाल्या, आणि तेवढ्यावरून काही म्हणणे घाईचे होईल.

रविवारी फुटबॉल. पूर्वार्धात पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडून पाहिले, पण ती पद्धत टिकली नाही, कारण खेळ थांबला तरी घड्याळ चालूच राहते आणि एखाद्या तुकड्यात प्रत्यक्ष खेळ जेमतेम दोन मिनिटांचा होतो. वाया गेलेला वेळ काटेकोरपणे भरून देण्याचे धोरण 2022 च्या कतार विश्वचषकात अवलंबले गेले, तेव्हा जादा वेळ एकदम किती वाढला होता हे आठवले, आणि मिनिट हे या खेळाचे माप नव्हे अशी खात्री पटली. उत्तरार्धात मैदानाचे तीन पट्टे कल्पून चेंडूचा ताबा कोणत्या पट्ट्यात बदलला ते लिहू लागलो. ताबा घेणाऱ्या संघाने किमान तीन पास पूर्ण केले तरच नोंद करायची, अशी अट घातली. आघाडीवर असलेल्या संघाने पहिल्या 20 मिनिटांत प्रतिस्पर्ध्याच्या पट्ट्यात नऊ वेळा चेंडू हिसकावला होता, शेवटच्या 20 मिनिटांत केवळ एकदा. बरोबरीचा गोल झाला तेव्हा सर्वांनी बचावफळीला दोष दिला. माझ्या कागदावर मात्र दमलेली आघाडीची फळी दिसत होती.

फॉर्म्युला वनमध्ये फेरी हे माप एका शर्यतीपुरतेच पुरते, कारण मोनॅकोला 78 फेऱ्या असतात आणि बेल्जियममधल्या स्पाला 44. दर पाच फेऱ्यांनी पहिल्या तिघांमधील अंतर सेकंदांत लिहिले. दुसऱ्या क्रमांकाच्या चालकाने दोन फेऱ्या आधी टायर बदलले आणि नव्या टायरच्या वेगावर आघाडी मिळवली, हे त्या आकड्यांत स्वच्छ दिसते. पुढच्या वेळी नोंद दर फेरीला ठेवावी लागेल, कारण निर्णायक बदल त्या पाच फेऱ्यांच्या आतच घडून गेला.

पुढील आठवड्यात फुटबॉलची तीन पट्ट्यांची पद्धत पहिल्या मिनिटापासून वापरणार आहे आणि हॉकी जोडणार आहे. तिथे वर्तुळात झालेला प्रत्येक प्रवेश मोजायचा, आणि त्यातून पेनल्टी कॉर्नर मिळाला की नाही हे शेजारी लिहायचे, असे सध्या ठरवले आहे. एका वेळी मात्र एकच पडदा.