किल्ल्याच्या पानाची कीवर्ड-तपासणी : रूपांची मोजणी मार्गी लागली

बेळगावचा किल्ला, राजहंसगड आणि खानापूरकडील जंगलवाटा यांविषयी मी मराठीत लिहीत असलेल्या पानांपैकी या खेपेस किल्ल्याचे एकच पान हाती घेतले आणि सर्च इंजिनच्या दृष्टीने त्यातील कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द, मुळापासून तपासले.

सर्वाधिक वेळ मोजणीनेच घेतला. इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली साधने मराठी शब्दाचे प्रत्येक रूप निराळा शब्द म्हणून मोजतात. त्यामुळे 'किल्ल्यात', 'किल्ल्याच्या', 'किल्ल्याभोवती' अशी रूपे पानभर असूनही 'किल्ला' हा शब्द फार कमी वेळा आल्याचा अहवाल मिळतो, आणि त्यावर विसंबणारा लेखक तोच शब्द प्रत्येक परिच्छेदात कोंबू लागतो. कीवर्ड कोंबणे गूगलच्या धोरणानुसार स्पॅम ठरते, म्हणजे या चुकीच्या मोजणीने लाभ तर नाहीच, उलट नुकसानच होते. म्हणून आता मी 'किल्ल' एवढाच भाग शोधतो. त्यात 'किल्ला', 'किल्ले' आणि 'किल्ल्या-'पासूनची सर्व रूपे एकत्र येतात. 'बेळगाव'ला एवढेही करावे लागत नाही, कारण 'बेळगावात', 'बेळगावचा', 'बेळगावकर' यांत मूळ शब्द जसाच्या तसा राहतो. 'बुरूज' मात्र 'बुरुजावर' होताना ऱ्हस्व होतो, त्यामुळे दोन्ही रूपे स्वतंत्रपणे शोधावी लागतात. 'वाट' शोधल्यास 'वाटते' आणि 'वाटप'ही हाती लागतात. तेथे यंत्राचा आकडा बाजूला ठेवून ओळ न् ओळ वाचण्याला पर्याय नाही.

'पायऱ्या' या शब्दाने आणखी एक गोष्ट दाखवली. यातील ऱ्य काही कीबोर्ड ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहितात, तर काही साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु शोधल्यावर एकच प्रकार सापडतो. मी सर्व पानांवर पहिला प्रकार कायम केला आहे. शब्द मोजण्यासाठी स्वतःची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांनी शब्द रिकाम्या जागेवर आणि विरामचिन्हांवरच तोडावेत, कारण नेहमीची पद्धत कित्येकदा काना-मात्रेपाशीच शब्द फोडते.

आपल्या सीमाभागात नावांचा प्रश्न अधिक गहन आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. मराठी माणूस बेळगाव लिहितो, जुन्या वळणाचे लोक बेळगांव लिहितात, आणि मोबाइलवर रोमन लिपीत शोधणारेही पुष्कळ आहेत. किल्ल्यातील १२०४ सालच्या जैन मंदिरास कोणी कमल बस्ती म्हणते, कोणी कमल बसदी. ही सर्व रूपे मजकुरात ओतणे मला मान्य नाही. शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात वाचकाच्या ओठांवरचे नाव असावे, दुसरे रूप योग्य जागी एकदा यावे, आणि बाकीचे काम सर्च इंजिनवर सोडावे. कीवर्डच्या मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधील वाचकाला न दिसणाऱ्या नोंदीत, ती रूपे लपवण्याचाही उपयोग नाही. क्रमवारीसाठी तो टॅग आपण वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे.

लोक नेमके काय शोधतात, हे सर्च कन्सोल या गूगलच्या साधनामध्ये १६ महिन्यांपर्यंतचे पाहता येते. मात्र अगदी थोड्यांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी तेथे दाखवले जात नाहीत, आणि आपल्यासारख्या छोट्या पानांचा बराच भाग त्यातच जातो. म्हणून तेथे न दिसलेले रूप कोणी वापरतच नाही, असे समजू नये. ज्या शोधात आपले पान अनेकदा दिसते पण त्यावर कोणी क्लिक करत नाही, तो शोध मला सर्वांत मोलाचा वाटतो. 'कमल बसदी'च्या बाबतीत हेच आढळले: नाव मजकुरात होते, परंतु उपशीर्षकात नव्हते आणि छायाचित्राच्या वर्णनात नुसते 'मंदिर' असे होते. दोन्ही जागा आता दुरुस्त केल्या आहेत. यानंतर राजहंसगडाचे पान घेणार आहे. त्या गडाला येळ्ळूरगड असेही म्हणतात, त्यामुळे शीर्षकात कोणते नाव आधी घ्यावे, याचा निर्णय शोधांची यादी पाहूनच करीन.